हॉर्नला हात करणारी सरूआत्या

चांगल्या माणसांचा फार त्रास होतो. हे कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलून टाकतो. वाईट माणसाचं एक बरं असतं, त्याला चार शिव्या घातल्या की आपण मोकळे होतो आणि रात्री झोपही लागते. चांगलं माणूस शेजारी येऊन बसलं की मात्र आपल्याला आपलीच अडचण व्हायला लागते. सरूआत्या माझ्या शेजारी आठ महिने बसली. रोज सकाळी, लवळ्यापासून माणपर्यंत, गर्दी असली तर पाऊण तास, नसली तर त्याहून कमी. तेवढ्या वेळात तिनं माझं जे काही करून ठेवलं, ते मी अजून निस्तरतो आहे.

मी मूळचा परभणीचा. नोकरी माणच्या आयटी पार्कात, राहायला भूगावला. फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरचा माणूस म्हणाला होता, ऑफिस अर्ध्या तासावर. तो कुठल्या वाहनानं गेला होता कोण जाणे. भूकूम, पिरंगुट, लवळे फाटा, मग लवळे, नांदे करत माणला पोचेपर्यंत माझा दिवसाचा निम्मा राग खर्च झालेला असायचा आणि उरलेला निम्मा ऑफिसात लागायचा. मी मुळातच तापट. गाडीत बसलो की जास्त. पाण्याचे टँकर, डंपर, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली, हे सगळे मुद्दाम माझी वाट अडवायला घरून निघतात असं मला वाटायचं, आणि मी काच खाली करून त्यांना तसं सांगायचो. ज्या भाषेत सांगायचो ती इथं लिहीत नाही.

सईनं मात्र ती ऐकली. सई माझी मुलगी, तेव्हा तिसरीत. शाळा नांद्याच्या पुढे, माझ्या वाटेवरच, म्हणून सकाळी मीच तिला सोडायचो. दिवाळीच्या थोडं आधी पिरंगुटच्या चौकात एका टेम्पोवाल्याशी माझी जुंपली. मी उतरलो, त्याची कॉलर धरली, त्यानं माझी धरली, लोकांनी सोडवलं. परत येऊन बसलो तर सई सीटवर नव्हती. ती खाली, पाय ठेवतात त्या जागेत, दप्तर डोक्यावर धरून बसली होती. शाळा येईपर्यंत वर आली नाही. संध्याकाळी तिनं आईला सांगितलं, मला बाबांच्या गाडीतून जायचं नाही. माझी बायको विद्या, तिनं शाळेची व्हॅन लावली आणि मला कळवलं. भांडली नाही, समजावलं नाही, नुसतं कळवलं. मी म्हटलं, बरं झालं, माझा वेळ वाचेल. पण दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या रिकाम्या सीटकडे न बघता गाडी चालवणं काही मला जमेना.

त्या सीटवर सरूआत्या येऊन बसली.

लवळ्याच्या वेशीपाशी गतिरोधक आहे. तिथे गाडी हळू झाली आणि काचेवर कुणीतरी बोटाच्या पेरानं टकटक केलं. सत्तरीची बाई, नऊवारी लुगडं, हनुवटीवर गोंदण, काखेत कापडी पिशवी. काच खाली केली तर म्हणाली, "रिकामीच चाललीय न्हवं गाडी? मानला सोड मला." आणि माझं उत्तर यायच्या आत दार ओढायला लागली. बसल्यावर तिनं चपला काढल्या आणि मांडीवर घेतल्या. असू द्या पायात म्हटलं तर खालच्या मॅटकडे बोट करून म्हणाली, जाजम हाय. पट्टा लावावा लागतो म्हटल्यावर हसली, मी काय पळून जाती का म्हणाली, पण लावून घेतला आणि उतरेपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली. पुढचे आठ महिने तो पट्टा सोडवणं तिला एकदाच जमलं. ते पुढे येईलच.

माझ्यापुढे एक टँकर रांगत चालला होता. मी हॉर्न दाबला, नेहमीसारखाच, चांगला लांबलचक. आत्या सावरून बसली, पुढे बघितलं, आणि टँकरच्या बाजूनं आम्ही पुढे निघालो तशी तिनं खिडकीतून हात बाहेर काढून त्या ड्रायव्हरला हात केला. अगदी हसून, घरचं माणूस भेटल्यासारखा. तो गोंधळला. मग त्यानंही हात वर केला.

"कोन व्हता?" तिनं मला विचारलं.

कोण म्हणजे? मला काय माहीत कोण होता. तर म्हणाली, तू हॉर्न दिला न्हवं, म्हनून म्हनलं वळखीचा आसंल. तिच्या गावात एसटीचा ड्रायव्हर, दुधाची जीप, रेशनचा टेम्पो, सगळे ओळखीचं माणूस रस्त्यात दिसलं की हॉर्न देऊन जात. तिच्या लेखी हॉर्नचा अर्थ एवढाच होता की मी तुला पाहिलं. मी तिला नीट समजावलं की हॉर्न हा समोरच्याला बाजूला हो म्हणण्यासाठी असतो. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "आसंल" म्हणाली, आणि पुढच्या हॉर्नला दुधवाल्याला हात केला.

असं रोज. मी चिडून हॉर्न दाबायचा आणि तिनं रामराम घालायचा. महिनाभरात त्या रस्त्यावर माझी गाडी ओळखली जायला लागली. टँकरवाला, दुधवाला, कॉलेजच्या गेटवरचा वॉचमन, नांद्याचा भाजीवाला, संध्याकाळी मी एकटा परत येतानासुद्धा हे लोक मला हात करायला लागले. मग मलाही करावा लागे. सकाळी ज्यानं हसून हात केला त्याला संध्याकाळी काच खाली करून काय बोलणार? मी हॉर्न दाबणंच कमी केलं. उगाच मोठेपणा घेत नाही. मी काही त्या महिन्यात सुधारलो नाही. मला नुसती लाज वाटत होती, आणि लाज वाटण्याचाही राग येत होता.

तिला सगळं कळत होतं आणि ती मुद्दाम करत होती, असा मला अजून दाट संशय आहे. एकदा तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, "आसंल."

हा "आसंल" तिच्या तोंडात कायम. मी म्हणायचो, बघा आत्या, कसा मूर्खासारखा मधेच वळला. ती म्हणायची, आसंल काय तर त्याचं. एखादा उलट्या बाजूनं आला, आसंल काय तर. एखाद्यानं भर रस्त्यात गाडी उभी करून फोन घेतला, आसंल काय तर. मी म्हणायचो, काय असणार आहे त्याचं, बेशिस्त आहे तो. ती यावर वाद घालायची नाही. पिशवीतून मिश्रीची डबी काढून बोटावर घ्यायची आणि खिडकीबाहेर बघायची. वाद घातला असता तर मी जिंकलो असतो.

ती देवमाणूस वगैरे होती असा कुणी समज करून घेऊ नये. भावजयीच्या कालवणात मीठ जास्त असतं ही तक्रार मी आठ महिन्यांत शंभरदा ऐकली असेल. एसी लावला की "गार वारं बंद कर" म्हणून हुकूम सोडायची. आमच्या भूगावच्या इमारतींविषयी तिचं मत वाईट होतं आणि ते ती माझ्या तोंडावर सांगायची. रस्त्याच्या कडेच्या एका कुंपणातून कढीपत्त्याची डहाळी मोडून घ्यायला गाडी थांबवायची आणि म्हणायची, ही आमचीच जमीन व्हती. ती कधीच त्यांची नव्हती, हे मला नंतर कळलं. सगळं लवळं तिला आत्या म्हणायचं, कारण ती त्या गावची लेक. सासर माणचं, पण राहायला माहेरी. हे एवढंच मला ठाऊक होतं. तिला मात्र माझ्या वडिलांच्या गुडघ्यापासून सईच्या व्हॅनपर्यंत सगळं ठाऊक झालं होतं. सई माझ्या गाडीत का बसत नाही हे मी तिला दुसऱ्याच आठवड्यात सांगून बसलो. का सांगितलं कोण जाणे.

जानेवारीत तिच्या हातावरचे डाग माझ्या लक्षात आले. डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत काळेनिळे, काही जुने, काही कालचे. विचारलं तर लागलं कुटंतरी म्हणाली. चार दिवसांनी आणखी दोन. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाऊ वारलेला, भाच्याच्या घरात राहणारी विधवा म्हातारी. घरात मारतात हिला. खरं सांगू का, मला आतून बरं वाटलं. दोन महिने माझ्या रागाची उपासमार झाली होती आणि आता एकदाचा न्यायाचा राग हाती आला होता.

रविवारी मी लवळ्याला गेलो. तिचा भाचा दत्ता, होस्टेलांच्या रस्त्याला त्याचं छोटं कँटीन आहे. पोरं पोहे खात बसली होती, त्यांच्यासमोर मी त्याला जे काही बोललो ते आठवलं की आजही कान गरम होतात. म्हातारीवर हात टाकता, लाज वाटत नाही का, पोलिसांत जाईन, वगैरे. त्यानं मला पूर्ण बोलू दिलं. मग एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. आत्या रोज मानला कुनाकडं जाती, ठाव हाय का तुमास्नी?"

मला ठाऊक नव्हतं. तीन महिने तिला रोज तिथे सोडत होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं. लेक असेल, असं धरून चाललो होतो. तिला मूलबाळ नव्हतंच.

दत्तानं सांगितलं ते असं. लग्नानंतर चार वर्षांत आत्याचा नवरा गेला. थोरल्या जावेनं, पारूबाईनं, सुतकाचे दिवस सरायच्या आत तिला घराबाहेर काढलं. डबोल्यातले सोन्याचे मणी चोरले असा आळ घेतला, चारचौघांत ओरडली, आणि नेसत्या लुगड्यानिशी वाटेला लावली. मणी नंतर सापडले, बोलावणं काही आलं नाही. त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. मधल्या काळात माणची शेती गेली, पारूबाईच्या मुलांनी तीन मजले चढवून खोल्या भाड्यानं दिल्या. गेल्या वर्षी पारूबाईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बाई ठेवली तर तिला हात लावू देईना. केसांच्या जटा झाल्या, आणि सुना म्हणायला लागल्या की कापूनच टाकू. हे आत्याच्या कानावर एका लग्नात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत फणी आणि तेलाची बाटली घेऊन ती वेशीवर जाऊन उभी राहिली.

"आमी लई भांडलो तिच्याशी. आयकत न्हाई," दत्ता म्हणाला. "म्हातारीचा डावा हात चालतोय अजून. केस इंचराय बसली की चिमटं काढती."

त्यानं मला चहा दिला. माफी मागायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा चहाच प्यालो. पैसे घेतले नाहीत त्यानं. मला ते जास्त लागलं.

सोमवारी आत्याला सगळं कळलेलं होतं, पण रस्ताभर तिनं विषय काढला नाही. माणला उतरताना म्हणाली, चल आत. मी गेलो. प्रत्येक खोलीच्या दाराशी भाडेकरू पोरांच्या चपलांचे ढीग, जिन्यात वाळत घातलेले टॉवेल, आणि सगळ्यांच्या मागे तळमजल्यावर एक खोली. कॉटवर पारूबाई. मोठ्या हाडापेराची बाई असणार एकेकाळी. आत्याला बघताच तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. आत्या तिच्या उशाशी बसली, डोकं मांडीवर घेतलं, बोटांनी तेल मुरवलं आणि एकेक बट सोडवायला लागली. पारूबाईचा डावा हात उठला, आत्याच्या हातापर्यंत आला आणि त्यानं कचकन चिमटा काढला. आत्यानं हात मागे घेतला नाही. उजव्या हातानं विंचरत राहिली.

मी विचारलं, कशासाठी करता हे? माझा आवाज चढला असणार, कारण पारूबाईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"ती माज्यावर लई वरडायची," आत्या म्हणाली. "आता तिला वरडाय येत न्हाई. मला ते बघवंना."

ऑफिसला गेलो तरी त्या दिवशी कामात लक्ष नव्हतं. दुपारी माझ्या हाताखालच्या एका मुलीनं पाठवलेल्या कामात ढोबळ चूक निघाली. मी मेल लिहायला घेतली, सगळ्यांना दिसेल अशी. तीन परिच्छेद झाल्यावर थांबलो आणि उठून तिच्या जागेपाशी गेलो. काय झालं विचारलं. तिचं जे काय होतं ते तिनं सांगितलं. दहा मिनिटांत चूक दुरुस्त झाली. मेल मी खोडून टाकली. असं हळूहळू व्हायला लागलं. सोसायटीचा वॉचमन फाटक उघडायला उशीर करायचा, त्याला काही बोलेनासा झालो. एकदा विद्या गाडीत होती आणि पुढचा रिक्षावाला मधेच थांबला. मी म्हणून गेलो, असेल काहीतरी. विद्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. घरी जाऊन तिनं सईला सांगितलं असणार. सईवर त्याचा काही परिणाम झाला नाही. ती व्हॅननंच जात राहिली. मुलांना तुमच्या सुधारणेच्या बातम्या पुरत नाहीत.

मार्चमध्ये एका सकाळी व्हॅन बंद पडली. सईची परीक्षा होती, दुसरा इलाज नव्हता. ती मागच्या सीटवर बसली, दप्तर मांडीवर, पट्टा लावून. भूगाव ते लवळे मी इतकी जपून गाडी चालवली की मागच्यांनी मला शिव्या दिल्या असतील. लवळ्याला आत्या बसली, मागे वळून "ही व्हय सई" म्हणाली आणि पट्टा धरून बसली. मला वाटलं, निभावलं.

नांद्याच्या अलीकडच्या वळणावर डावीकडून एक मोटारसायकल घुसली. पाठीवर मोठी पिशवी, जेवण पोचवणारा पोरगा. त्याचं हँडल माझ्या आरशाला लागलं आणि आरसा तुटून वायरीवर लोंबायला लागला. पुढचं मला ठरवावं लागलंच नाही. काच खाली गेली आणि चार महिने तोंडात अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. त्याच्या आईपासून सुरुवात केली. तो पोरगा गाडी बाजूला लावून उभा राहिला, हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नाही. मी बोलत होतो आणि बोलता बोलता वरच्या आरशात नजर गेली. सईनं दोन्ही हातांनी कान दाबून डोळे मिटून घेतले होते.

आत्यानं स्वतःचा पट्टा स्वतः सोडवला. चपला पायात घातल्या, उतरली, त्या पोराजवळ गेली. त्याच्याशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. त्यानं मान हलवली आणि निघून गेला. आत्या परत आली ती पुढे बसली नाही, मागचं दार उघडून सईशेजारी बसली. मी गाडी सुरू केली.

मागून सईचा आवाज आला, अगदी बारीक. "तुम्हाला बाबांची भीती नाही वाटत?"

"न्हाई," आत्या म्हणाली. "त्यालाच वाटती. भ्यालेलं मानूस वरडतं. माजी जाऊ तशीच व्हती."

"कशाची भीती वाटते बाबांना?"

"मला काय ठाव? इचार की त्याला."

सईनं विचारलं नाही. शाळा आली, मी गाडी कडेला लावली. ती उतरली, दाराला हात धरून उभी राहिली आणि मग म्हणाली, "बाबा, कशाची?"

उशीर होण्याची, असं सांगणार होतो. तेवढं पुरलं असतं. पण मागे आत्या बसलेली होती आणि तिच्यासमोर खोटं बोलायला जीभ वळेना. मी म्हटलं, सगळे पुढे निघून जातील आणि मी मागे राहीन, याची. आणि तू परत माझ्या गाडीत बसणार नाहीस, याची.

सईनं थोडा विचार केला. "मला पण भीती वाटते," ती म्हणाली, "पण मी ओरडत नाही."

आणि दप्तर लावून परीक्षेला निघून गेली. मी बराच वेळ तिथेच थांबलो. आत्याला पारूबाईकडे जायला उशीर होत होता, तरी ती चल म्हणाली नाही.

दोन दिवसांनी सईनं आईमार्फत निरोप पाठवला. आत्या असतील त्या दिवशी ती माझ्या गाडीतून येईल. मला चालणार होतं. कुठल्याही अटीवर चालणार होतं. परीक्षा संपेपर्यंत आणि मग जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर, दोघी मागे बसायच्या. सई घरी वेणी घालून घेईनाशी झाली. लवळ्यापर्यंत मोकळे केस घेऊन यायची आणि पुढे आत्या तिची वेणी घालायची, पारूबाईच्याच फणीनं. विद्याला ते आवडलं नाही, पण तिनं मन मोठं केलं. मला मात्र आत एक धाकधूक असायची. सई आत्याच्या जिवावर बसते आहे, माझ्या नाही, हे मला कळत होतं.

जुलैच्या सुरुवातीला सईला सोडून माणला पोचलो तर पारूबाईच्या दारात माणसं उभी होती. पहाटे गेली. आत बायका आंघोळीची तयारी करत होत्या, सुना रडत होत्या. आत्या सगळ्यांतून वाट काढत कॉटपाशी गेली आणि उशाशी बसली. तिला कुणी अडवलं नाही. तिनं नेहमीसारखं तेल लावलं, केस विंचरले, घट्ट वेणी घातली. मग पारूबाईचा डावा हात उचलून आपल्या मनगटावर ठेवला. तो घसरून खाली पडला. तिनं पुन्हा ठेवला नाही.

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला म्हणाली, "आता सकाळचं काय करू रं मी, माधवा?"

पारूबाईचा विधी आटपेपर्यंत मी थांबलो आणि आत्याला लवळ्याला परत आणून सोडलं. ऑफिसला कळवायचं राहिलं. वेशीवर ती उतरली तेव्हा मी म्हटलं, आत्या, उद्यापासून तुम्ही तशाच येत जा, आम्ही आहोत की. ती म्हणाली, कुटं जाऊ? आणि चपला हातात घेऊनच घराकडे चालायला लागली. तिला त्या घालायचं सुचलं नव्हतं, आणि मला हाक मारायचं.

सुतकाचे तेरा दिवस ती दिसली नाही. सई व्हॅननं गेली. अट अट होती. तेरावं झाल्यावर मी दत्ताच्या कँटीनवर थांबलो. तो म्हणाला, भातलावणी उरकली की आत्या ताम्हिणीकडे कुणा भाचीच्या बाळंतपणाला निघाली आहे, परत कधी येईल सांगता येत नाही. तिथेही कुणाला तरी कुणी नाही, म्हणाला. मी घरी येऊन विद्याला सांगितलं की व्हॅनवाल्याला पुढच्या महिन्याचंही सांगून ठेव. सई तिथेच गृहपाठ करत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडलं, तर पलीकडचं दारही उघडलं. सई पुढच्या सीटवर बसली, दप्तर पायाशी ठेवलं, पट्टा लावला. केसांची वेणी घातलेली होती, जरा वाकडी, स्वतःची स्वतः घातलेली. मी म्हटलं, आज आत्या नाहीत. ती म्हणाली, माहितीये.

आत्या मला शेवटची दिसली ती त्याच सकाळी. दिसली म्हणणंही तसं खरं नाही. लवळ्याच्या पुढे रस्त्याला लागून खाचरं आहेत, तिथे लावणी चालली होती. पाऊस बारीक पण लागून होता. दहा-बारा बायका ओळीनं वाकलेल्या, सगळ्यांच्या डोक्यापाठीवर तोच निळा प्लॅस्टिकचा कागद, सगळ्यांचे पाय चिखलात. सई म्हणाली, यात आत्या असतील, थांबा ना. मी रस्त्यातच गाडी हळू केली. तिनं काच खाली करून हाक मारली. पावसात ती हाक बांधापर्यंतही पोचली नसेल.

मागून हॉर्न सुरू झाला. एक, दोन, मग सलग. मोठी पांढरी गाडी. तिचा मालक उजव्या अंगाला आला, काच खाली केली आणि माझ्या लेकीदेखत त्यानं मला आईवरून शिवी दिली. माझा हात काचेच्या बटणावर गेला. मी शेजारी बघितलं. सई खाचरांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, कानांवर हात न ठेवता, मी काय करतो ते.

मी गाडी डावीकडे, पार चिखलात घेतली. तो पुढे निघून गेला. स्टीअरिंगवर माझे हात थरथरत होते आणि ते तिला दिसत होते. तिनं ते थांबेपर्यंत बघितले. मग ती पुन्हा खिडकीकडे वळली आणि त्या वाकलेल्या पाठींवरून एकेक करत नजर फिरवायला लागली. मीही शोधत होतो. त्यातली आत्या कुठली, ते आम्हाला दोघांनाही ओळखू आलं नाही.